वायरिंग झालं की तारीख काढू

थांबा, हातातलं काम ठेवा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय, नाहीतर दिवसभर माझं कशातच लक्ष लागणार नाही. अख्ख्या पुण्यात, आणि पुणं म्हणजे काही कमी विक्षिप्त माणसांचं गाव नव्हे, पोटच्या मुलीचं लग्न घरातल्या वायरिंगसाठी अडवून ठेवणारा एकच गृहस्थ असेल आणि तो नेमका माझा होणारा सासरा आहे. मी अकोल्याचा, मुग्धा वारज्याची, दोघं एकाच कंपनीत, एकाच टीममध्ये. दोन्ही घरांतून होकार आला, पेढे वाटून झाले, पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी भागात, नव्या फ्लॅटचं बुकिंगसुद्धा झालं. राहिली फक्त तारीख. तारखेबद्दल काका (मुग्धाचे बाबा, मी त्यांना काकाच म्हणतो) एवढंच म्हणाले, "घराचं वायरिंग काढलंय. ते एकदा झालं की तारीख काढू." मला वाटलं, असेल आठवड्याभराचं काम. खरं तर मी सॉफ्टवेअरमधला माणूस. 'एकदा झालं की' याचा अर्थ दुसऱ्या कोणाला नाही तरी मला कळायला हवा होता.

काका काही इलेक्ट्रिशियन नाहीत हो. आयुष्यभर सरकारी कचेरीत बसून इतरांच्या बदल्या-बढत्यांच्या फायली त्यांनी हलवल्या. पण घरातल्या वायरीला बाहेरच्या माणसाने हात लावलेला त्यांना चालत नाही. लोक दाढी स्वतःची स्वतः करतात, तसं ते वायरिंग करतात. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर, आणि कापडी पिशवीत होल्डरला लावलेला एक बल्ब, त्याला दोन मोकळ्या वायरी. कुठेही गेले की आधी भिंतीतला प्लग शोधणार, एक वायर करंटच्या भोकात, दुसरी वरच्या मोठ्या भोकात. बल्ब लख्ख पेटला तर अर्थिंग आहे, मग बसणार. नाही पेटला तर उभ्यानेच बोलणार. 'मुलाची खोली बघून येतो' म्हणून ते माझ्या सदाशिव पेठेतल्या खोलीवर आले, तेव्हा मी चादरी बदलल्या होत्या, आरसा पुसला होता, रूममेटला अंघोळ घालायची तेवढी बाकी ठेवली होती. काकांनी यातलं काहीही पाहिलं नाही. बल्ब काढला, वायरी घातल्या. बल्ब ढिम्म. पत्रिकेत मंगळ निघाल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अहो, तुमच्याकडे अर्थिंग नाही."

"काका, खोली मालकांची आहे."

"शॉक मालकांना बसणार नाहीये."

एवढ्यात त्यांची नजर बादलीत सोडलेल्या रॉडवर गेली. "आणि पाणी तापलं की नाही ते कसं बघता?" रूममेट उत्साहाने म्हणाला, "बोट घालून!" काकांनी डोळे मिटले. मग मी चहा पुढे केला, तर म्हणाले, "गॅसवर केलाय ना? मग द्या."

तरी होकार दिला हे विशेष. मुग्धाच्या मते मी आधीच पास झालो होतो, कारण काकांच्या घरी माणसाची पत किती ते कोणता दिवा लावला यावरून कळतं. त्यांचा सिद्धांत असा की पांढऱ्या उजेडात आमटी आजारी दिसते आणि पिवळ्या उजेडात वाचणारा. म्हणून जेवायच्या टेबलावर पिवळा दिवा आणि वाचायच्या खुर्चीवर पांढरी ट्यूब. काकू पेपर घेऊन टेबलाशी बसल्या की काका तो पिवळा बंद करणार, काकू लावणार, आणि बाराखडी न संपणाऱ्या शाळेसारखं हे रोज चालणार. पॉलिसी विकायला आलेल्या माणसाला हॉलमध्ये नुसता झिरोचा बल्ब मिळतो. बिचारा त्या मिणमिणाटात हप्ते वाचून दाखवतो. मला पहिल्या भेटीत ट्यूब मिळाली. दुसऱ्या भेटीत काकांनी उठून सोफ्याजवळचा पिवळा लॅम्पही लावला, तशी मुग्धा माझ्या कानात म्हणाली, "पिवळा लागला! आवडलायस तू."

पण या घराची खरी परीक्षा म्हणजे हॉलमधला स्विचबोर्ड. एवढी बटणं आणि एकावरही खूण नाही. मी पंखा लावायला गेलो तर बाल्कनीतला दिवा लागला, बाल्कनीचा बंद करायला गेलो तर बेल वाजली आणि काकू दार उघडायला धावल्या. मी विचारलं, "काका, याचा क्रम काय?" ते म्हणाले, "ज्येष्ठतेनुसार." म्हणजे घरात जे आधी आलं त्याचं बटण आधी! पहिला बल्ब, मग पंखा, मग ट्यूब, मग बेल. टीव्ही कितीही मोठा असला तरी नंतर रुजू झाला, म्हणून तळाला. "सोयीचं नाहीये हो हे," मी चुकून बोललो. "बढती सोयीने द्यायला लागलात की खातं बुडतं," काका म्हणाले. नोकरी संपली होती, कचेरी संपली नव्हती.

तर 'वायरिंग झालं की', आणि ते लवकर व्हावं म्हणून मी दर रविवारी मदतीला वारज्याला जाऊ लागलो. पद्धत ठरलेली. मेन बंद करायचा, फ्यूज उपसून काकांनी स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे चुकूनही कोणी वीज चालू करू शकत नाही. कल्पना उत्तम. फक्त एकदा ते तसेच फटफट आवाजाच्या स्कूटरवर बसून श्रीखंड आणायला गेले आणि रस्त्यात कोणी जुने सहकारी भेटले. इकडे पंखा नाही, मिक्सर नाही, वाटपाचं खोबरं अर्धवट. काकूंनी मोबाइल लावला आणि शांतपणे विचारलं, "अहो, घर खिशात घालून कुठे गेलात?"

मला त्यांनी पॅसेजचा दिवा दिला होता. दोन टोकांना दोन बटणं, कुठूनही लावा, कुठूनही बंद करा. मी इंटरनेटवरून आकृती छापून आणली, घाम गाळला आणि मधल्या पेचातली वायर कडेच्या पेचात आवळली. परिणाम असा की दोन्ही बटणं एका विशिष्ट बाजूला असली तरच दिवा लागायचा. काकांनी इकडून दाबलं, तिकडून दाबलं, पुन्हा इकडे आले. "दोघांनी हो म्हटल्याशिवाय लागत नाहीये," ते म्हणाले. "संसाराला ठीक आहे. पॅसेजला चालत नाही. काढा."

काढलं, पुन्हा केलं, पास झालं. पण तारीख काही येईना. पॅसेज झाला तर देवघरात पिवळा दिवा हवा. देवघर झालं तर गीझरची वायर जाड घ्यायला हवी. गीझर झाला तर बेलचा आवाज कर्कश आहे. आमच्या कंपनीत याला स्कोप वाढणं म्हणतात. क्लायंट प्रेमाने वागवतो, खाऊ घालतो, आणि प्रोजेक्ट काही संपू देत नाही. मी मुग्धाला हे म्हटलं तर ती हसली. तिकडे अकोल्याहून आमच्या बाबांचे फोनवर फोन. "काहून रे, तारीख निंगून नाही राहिली का? मंगल कार्यालयवाला इचारते."

आणि मग गेला रविवार. मी जरा लवकरच पोचलो. काका मुग्धाच्या खोलीत स्टुलावर उभे होते, बोर्ड उघडलेला. हा बोर्ड आम्ही केव्हाच पूर्ण केला होता, त्यांनीच तपासून झाकण लावलं होतं. खोलीत तिची कपाटं अर्धी रिकामी, पुस्तकं खोक्यांत भरून दोरीने बांधलेली. काका एक स्क्रू सैल करत होते आणि तोच पुन्हा आवळत होते.

"काका, हे तर झालंय."

"झालंय हो."

"मग?"

भिंतीकडेच तोंड होतं त्यांचं. म्हणाले, "झालं म्हणजे लगेच संपलंच का?"

काम संपल्याची सही मागायची मला नोकरीमुळे इतकी सवय आहे की ती जिभेवर असते. पण त्या वेळी नाही मागितली. मी म्हटलं, "हा डावीकडचा जरा ढिला वाटतोय."

"कुठला?" त्यांनी लगेच विचारलं.

ढिला नव्हता. त्यांनाही माहीत होतं. आम्ही त्या बोर्डातले सगळे स्क्रू एकेक करून आवळले, अगदी मन लावून, जसं काही घर त्यांच्यावरच उभं आहे. काकू चहा घेऊन दारात आल्या, थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, मुलगी मांजरीला चाललीये, अमेरिकेला नाही. द्या त्या मुलाला तारीख." काका खाली उतरले, चहा घेतला.

आणि आज सकाळी त्यांचा फोन. "गुरुजींना विचारलंय. दोन मुहूर्त दिलेत. तुमच्या वडिलांना सोयीचा असेल तो घ्या." मी भलतंच बोललो, "काका, मांजरीच्या फ्लॅटचे दिवे तुम्हीच बघा ना." वाटलं, पिशवी घेऊन निघतीलच.

"नको," ते म्हणाले. "तुमचं घर तुम्ही करा. अडलं तर विचारा."

"हो काका."

मला वाटलं ठेवला फोन. पण ठेवला नव्हता. मग म्हणाले, "आणि हे बघा, अडत जा अधूनमधून."

तेव्हापासून हा असा बसलोय. मुग्धाला अजून सांगितलं नाही, आधी तुम्हाला सांगतोय. तुमच्याही घरी असं कोणी होतं का हो, सगळं झालेलं असताना काहीतरी राहिलंय म्हणत तुम्हाला थांबवून धरणारं? होतं ना?