सर्व्हर रूमच्या दारातल्या चपला

“तू दिसायचं नाही. फक्त बोलायचं.”

संचालक सर हे हसून म्हणाले. रागावून म्हणाले असते तर मला निदान लगेच कळलं असतं की हा अपमान आहे.

त्यांनी सर्व्हर रूमचं दार उघडलं. मी दारात चपला काढल्या. आमच्याकडे कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून कुणी जात नाही, धूळ जाते म्हणतात. सर बूट घालूनच आत आले.

आत एक प्लास्टिकची खुर्ची. एक माइक. कानाला लावायचा हेडफोन. समोर माणसापेक्षा उंच काळं लोखंडी कपाट, त्यात निळे-हिरवे दिवे लुकलुकत होते. त्याला रॅक म्हणतात. सगळ्या विद्यापीठाचं इंटरनेट त्यातून जातं. एसी इतका गार की फरशीवर पाय टेकवेना.

“आडनाव काय म्हणालीस तुझं?” सरांनी विचारलं. पीएचडीचे माझे गाईड तेच. दर भेटीत आडनाव विचारतात. मी दर वेळी सांगते. ते दर वेळी “हां हां” म्हणतात.

“बाहेरून कडी लावतो. चुकून कुणी आत यायला नको.”

कडी लागली. मला बंद खोलीची भीती वाटते, हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मी फारसं कुणाला काही सांगत नाही.

काय चाललं होतं ते सरळ सांगते. बीडहून तेलगावकडे जाताना आमचं विद्यापीठ लागतं. आधी ते संस्थेचं कॉलेज होतं. आता प्रयोगशाळा अद्ययावत करायच्या, डिजिटल सुविधा वाढवायच्या, म्हणून संस्थेने मोठं अनुदान मागितलं होतं. ते द्यायचं की नाही हे ठरवणारी समिती त्या दिवशी व्हिडिओवरून भेटणार होती. समितीने कळवलं होतं, इथे संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थिनीशी बोलायचंय.

विद्यार्थिनी म्हणून स्टुडिओत वहिनीसाहेब बसल्या होत्या. संस्थापकांच्या सूनबाई. पीएचडीला त्यांचंही नाव आहे. त्या कॅमेऱ्यासमोर आणि मी भिंतीपलीकडे. त्यांच्या कानात, केसांखाली, छोटं यंत्र. मी माइकमध्ये इंग्रजी उत्तर सांगायचं, त्यांनी ते म्हणायचं. गेवराई तालुक्यातल्या बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड, हा विषय माझा. कॅन घेऊन एसटीने हिंडले ती मी. पण समितीला पाठवलेल्या कागदांवर ते काम वहिनीसाहेबांचं झालं होतं. पाण्यातले क्षार मोजणारं नवं मशीनही त्यांच्या फोटोसाठी पुसून ठेवलं होतं. मला त्याला हात लावायची परवानगी नव्हती. माझी सगळी मोजणी जुन्या मीटरवर झाली.

“अडखळलात तरी चालतं, वहिनीसाहेब,” सर सरावाच्या वेळी म्हणाले होते. “ग्रामीण भागातली लाजाळू मुलगी वाटाल. उलट चांगलंच.”

लाजाळू मुलगी तिथेच कोपऱ्यात उभी होती. कुणाचं लक्ष गेलं नाही.

मी नाही का म्हटलं नाही? कारण माझी आई. आई याच संस्थेच्या बीडच्या इंग्रजी शाळेत मावशी आहे. वर्ग झाडते, फरशी पुसते, लहान मुलांना बाथरूमला नेते. म्हणून मला तिथे फुकट शिकता आलं. माझा मामा दर वर्षी ऊसतोडीला कारखान्यावर जातो, त्याच्या मुली कोयता घेऊन त्याच्याबरोबर जातात. मी मात्र टाय लावून शाळेत गेले. सगळी शाळा मला ‘मावशीची पोरगी’ म्हणायची. इंग्रजी मी शेवटच्या बाकावर बसून, न बोलता, नुसती ऐकून शिकले.

पाचवीत होते तेव्हा गॅदरिंगचं सूत्रसंचालन एका ट्रस्टीच्या मुलीला दिलं होतं. इंग्रजी वाचताना तिला घाम फुटायचा. बाई मला म्हणाल्या, “तू पडद्यामागून वाच. ती नुसते ओठ हलवेल.” मी वाचलं. टाळ्या पडल्या. विंगेत कुणाचं तरी सरबत सांडलं होतं, आई ते पुसत होती. तिला माझा आवाज ओळखू आला. ती हसली. मलाही तो मानच वाटला. बाईंनी चॉकलेट दिलं होतं. मी ते खाल्लं.

आता चॉकलेटसुद्धा नव्हतं.

“ए, तू हायस ना आत?” हेडफोनमध्ये वहिनीसाहेबांचा आवाज आला. “लई धडधडतंय गं मला. सावकाश सांग हं. तुझ्या भरवशावर हाय बघ मी.”

“आहे,” मी म्हटलं. त्या वाईट बोलल्या नव्हत्या. म्हणून तर अजून कठीण झालं.

समिती आली. तिघं होती म्हणे, मला फक्त आवाज येत होते. बोलत होत्या एक बाई. इंग्रजी स्वच्छ, आवाज शांत. विषय कोणता? मी सांगितलं. वहिनीसाहेबांनी म्हटलं. गेवराई तालुकाच का? मी सांगितलं. त्यांनी म्हटलं. माझी वाक्यं क्षणभर उशिरा, दुसऱ्याच गळ्यातून, मला परत ऐकू येत होती. ‘हे नमुने मी स्वतः गोळा केले.’ हेही मीच सांगितलं. माझ्याच तोंडाने मी माझं काम देऊन टाकत होते.

मग त्या बाईंनी विचारलं, “तुमच्याकडे एकाच बोअरचं सकाळचं आणि संध्याकाळचं, असं दोन वेळचं पाणी आहे. संध्याकाळच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. संध्याकाळीही पाणी घ्यावं हे तुम्हाला कसं सुचलं?”

मला सुचलं नव्हतं. उमापूरच्या मंडाबाईला सुचलं होतं. मी कॅन भरत होते तेव्हा ती घागर खाली ठेवून म्हणाली, “सकाळचं काय नेती? दिवस मावळताना ये. दिवसभर मोटारी वढत्यात पाणी. संध्याकाळी लई मचूळ लागतं.” मग तिने जवळच्या पोराचा ओठ बोटाने वर केला. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, फ्लोराइडने पडतात तसे. “लई जण येत्यात, बाटल्या भरून नेत्यात. परत सांगाया कुणीच येत न्हाई. तू तरी येशील का?”

“येईन,” मी म्हटलं होतं. संध्याकाळीही थांबले. शेवटची गाडी पकडून बीडला आले.

उत्तर तयार होतं. इंग्रजीत. जिभेपर्यंत आलं. आणि तिथेच अडलं.

ते बंड नव्हतं. खोटं कशाला सांगू? ती भीती होती. मंडाबाईचं वाक्य त्या गार खोलीतून वहिनीसाहेबांच्या तोंडी जाणार, आणि तिथून कुठे जाणार, मला दिसेना. उमापूरला परत कोण जाणार? ज्यांचं नाव आहे त्या जाणार?

हेडफोनमध्ये वहिनीसाहेबांच्या बांगड्या वाजल्या. “ॲक्च्युअली…” त्या म्हणाल्या. पुन्हा “ॲक्च्युअली…”

मग सरांचा दबका आवाज. ते कॅमेऱ्यापासून लांब जाऊन दुसऱ्या माइकवर बोलत होते. “बोल. अगं बोल ना. मावशीच्या पोरी, बोल!”

एवढ्या वर्षांनी तेच नाव. म्हणजे मी कोण, माझं आडनाव काय, हे सरांना नीट माहीत होतं. आईही माहीत होती.

मी बोलले नाही.

“आवाजाचा काहीतरी प्रॉब्लेम आहे, मॅडम,” सर इंग्रजीत म्हणाले.

“असू दे,” त्या बाई म्हणाल्या. “तोवर आम्हाला कॅमेऱ्यातून तुमची सर्व्हर रूम दाखवा.”

सरांना नाही म्हणायला जागा नव्हती. त्याच खोलीच्या नावावर पैसे मागितले होते. हेडफोनमध्ये पुन्हा त्यांचा आवाज, आता घाईचा. “रॅकच्या मागे हो. पटकन. हलू नको.”

मी गेले. हेही सांगायला हवं. मी उठले आणि गेले. रॅक आणि भिंत यांच्यात अंग चोरून उभं राहण्याइतकी जागा होती. पुढून ती खोली गारठवते, पण मागे मशीन सगळी गरम हवा फेकतं. तोंडावर भट्टीसारखी झळ आणि पायाखाली बर्फासारखी फरशी. घोट्याला वायर गुंडाळली गेली. हेडफोन डोक्यावर तसाच राहिला होता. मला बाहेरचं ऐकू येत होतं.

कॅमेरा तेलगावच्या लग्नाच्या शूटिंगवाल्याच्या हातात होता. संस्थेने त्यालाच बोलावलं होतं. दाराला तोरण बांधलेलं, उंबऱ्यात रांगोळी काढलेली. ती टिपल्याशिवाय तो आत कसा येईल? लग्नघराची सवय. “थांबा, रांगोळी घेतो,” तो म्हणाला. रांगोळीच्या कडेला माझ्या चपला होत्या. लपवायचं कुणाला सुचलं नव्हतं. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला असतातच, त्या कुणाच्या डोळ्यांना दिसत नाहीत.

समितीच्या बाईंना दिसल्या. “आत कुणी आहे का?”

“छे, छे,” सर हसले. “सफाईवाल्या बाईच्या असतील. ही माणसं कुठेही काहीही टाकून जातात.”

टाकून.

त्या टाकलेल्या नव्हत्या. मी त्या जोडीने, टाचा भिंतीला लावून ठेवल्या होत्या. आई ठेवते तशा. आई प्रत्येक वर्गाबाहेर तशाच चपला काढते आणि अनवाणी फरशी पुसते, आपल्या पायांचे डाग उमटू नयेत म्हणून. मग शाळेतले सर तिथून बूट घालून जातात.

मी घोट्याची वायर सोडवली. रॅकच्या मागून पुढे आले. खुर्चीवर बसले. कडी सरकल्याचा आवाज आला. पळायला दुसरं दार नव्हतं. खरं सांगते, असतं तर मी पळाले असते.

दार उघडलं. आधी कॅमेऱ्यावरचा दिवा, मग शूटिंगवाल्याचा चेहरा, त्याच्यामागे सर. सरांनी त्याचा हात खाली ओढायचा प्रयत्न केला. पण त्याचा कॅमेरा माझ्यावर स्थिर झाला होता. लग्नातली नवरी दिसल्यासारखा.

“तुम्ही कोण?” हेडफोनमध्ये त्या बाईंचा आवाज आला.

माझ्यासमोर माइक होता. मी त्याचं बटण दाबलं, सगळ्यांना ऐकू जाईल ते. मी माझं पूर्ण नाव सांगितलं. आडनावासकट. मग म्हटलं, “पाणी मी आणलं. सगळी उत्तरं मी सांगत होते. संध्याकाळचं पाणी घ्यायला उमापूरच्या मंडाबाईंनी सांगितलं.” इंग्रजीत म्हटलं. आवाज इतका बारीक होता की माझा मलाच ऐकू आला नाही.

“आडनावाचं स्पेलिंग सांगाल?” त्या म्हणाल्या. “मला नीट लिहायचंय.”

मी सांगू लागले. निम्मं झालं होतं. सरांनी भिंतीतली वायर उपटली.

रॅकवरचे काही दिवे लाल झाले. सर माझ्या अगदी जवळ आले. “आमच्या शाळेत शिकलेलं इंग्रजी आमच्यावरच?” ते म्हणाले. दारात वहिनीसाहेब आल्या होत्या. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “जमत न्हाई म्हणून आधी सांगायचंस ना गं.”

मी निघाले. पाय थांबलेच नाहीत. एसटीत बसल्यावर कळलं, मी अनवाणी आहे.

घरी आई भाकरी थापत होती. तिने आधी माझे पाय पाहिले. “चपला कुठंयत?”

मी सगळं सांगितलं. तिचे हात पिठात तसेच राहिले. “काहून गं?” ती म्हणाली. “दोन वाक्यं सांगितली असती तर झिजली असती का तू? आता मला काढतील. खोलीचं भाडं कुठून देऊ?” तीही घाबरली होती. माझ्यापेक्षा जास्त. तव्यावरची भाकरी करपली. तवा खाली उतरवत तिने विचारलं, “सफाईवालीच्या म्हणला?”

“हो.”

“टाकून गेली म्हणला?”

“हो.”

तिने करपलेली भाकरी बाजूला ठेवली. “सकाळी जा अन् घेऊन ये. आपल्या चपला तिथं सोडायच्या न्हाईत.”

सकाळी गेले. चपला कॉरिडॉरच्या टोकाला, कचऱ्याच्या डब्याशेजारी होत्या. एक उलटी पडलेली. मी त्या घातल्या आणि प्रयोगशाळेच्या नव्या दाराला माझं कार्ड लावलं. लाल दिवा लागला. पुन्हा लावलं. लाल.

याला काही आठवडे झाले. समितीकडून काय आलं, मला कुणी सांगत नाही. सरांनी माझ्या प्रगती अहवालावर सही केलेली नाही. आईला त्यांनी काढलं नाही, गेटजवळ उन्हात बसवलंय. फोन वाजला की मी अजून दचकते. मागून बूट वाजले की जिन्यात थांबते, त्यांना पुढे जाऊ देते. भीती गेलेली नाही. ती जाईल असं मला वाटतही नाही.

पण रविवारी मी उमापूरला जाणार आहे. मंडाबाईला सांगणार आहे की संध्याकाळचं पाणी पोरांना पाजू नको, आणि मशीनने नाही, तुझ्या जिभेने हे आधी ओळखलं. मग दुसऱ्या गाईडसाठी अर्ज करणार. तो फेटाळला तर पुन्हा करणार. माझं कार्ड चालत नाही, तरी रोज त्या दाराला लावणार. लाल दिवा त्यांना रोज लावावा लागेल.

त्या खोलीत मला परत बोलावलं, तर मी जाईन. दार उघडं असेल तर. चपला घालून.

आणि मी दिसायचं नसेल तिथे मी बोलणार नाही.