शिऱ्यातला कापूर

मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण माझ्या टेबलावरचा एक लेख काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. अकोल्याच्या एका कॉलेजात मी तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. शिकवलं म्हणजे बरेचदा पालथ्या घड्यावर पाणी ओतलं. दोष घड्यांचाच होता असंही नाही, माझाही हात लवकर थकायचा. हा एक विषय मात्र तरुणपणापासून मानगुटीवर बसला होता. इजिप्त-सिरियाकडचे जुने नॉस्टिक पंथ आणि आमच्या वऱ्हाडातला महानुभाव पंथ यांची तुलना. दर दोन-तीन वर्षांनी मी लेख बाहेर काढायचो, चार पानं खोडायचो, दोन लिहायचो आणि परत फडताळात ठेवून द्यायचो.

साम्य दिसायला फार सोपं आहे, आणि तिथेच माझी फसगत झाली. नॉस्टिक म्हणायचे की हे जग खऱ्या देवानं घडवलेलं नाही. खालच्या पायरीवरच्या एका अडाणी देवानं ते घडवलं आणि वर ‘माझ्याशिवाय दुसरा कोणी नाही’ अशी फुशारकी मारली. त्याच्या हाताखालच्या सत्ता आकाशात पहारा देतात, आणि माणसाचा आत्मा त्या पहाऱ्यात अडकलाय. वरून कोणीतरी येऊन ज्ञान देतो, तेव्हाच सुटका. इकडे महानुभाव म्हणतात की जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ वेगळे आणि चौघेही अनादी. देवता पुष्कळ, त्यांच्या पायऱ्याही पुष्कळ. त्या फळ देतात, पण मोक्ष देऊ शकत नाहीत. तो एकटा परमेश्वर देतो, आणि त्यासाठी तो माणसाच्या रूपात येतो. नॉस्टिकांच्या पोथ्या इजिप्तच्या वाळूत घागरीत पुरलेल्या सापडल्या. यांनी आपल्या पोथ्या अक्षरांची अदलाबदल करून सांकेतिक लिपीत लपवल्या. तिशीतल्या मास्तराला एवढं पुरे होतं. मी ठरवून टाकलं, महानुभाव म्हणजे वऱ्हाडचे नॉस्टिक.

ती लिपी शिकायला म्हणून मी रिद्धपूरच्या बाजूला एका मठात जायला लागलो. अमरावतीहून बसनं जायचं, पुढे पायी. मठातली म्हातारी तपस्विनी मला अक्षरं शिकवायची. मी चुकलो की म्हणायची, “प्रोफेसर, घाई कावून करून राह्यले? या पोथ्या सातशे वर्षं थांबल्या, तुमी एक दुपार थांबा.” जवळच्या गावातला एक माळी मठात भाजी आणि त्याच्या मळ्यातली संत्री आणून द्यायचा. कधीकधी त्याची मुलगी यायची, बी.ए. झालेली. एकदा मी अडखळत वाचत होतो, तर तिनं दारातूनच, हातातली मेथी खाली न ठेवता, पुढची ओळ म्हणून दाखवली. दीड वर्षानं आमचं लग्न झालं. लिपी मला अजून नीट येत नाही.

माझे वडील भिक्षुक होते. आमच्या घरी देव भरपूर. शाळिग्राम, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, शिवाय कुळाची देवी. माळ्याची, तीही महानुभाव उपदेश घेतलेली सून आईच्या गळी उतरायला वेळ लागला. बायकोनं मात्र एका शब्दानं वाद घातला नाही. सणाचा सगळा स्वयंपाक ती करायची, सोवळं पाळून, आईच्या हाताखाली. पुरण तिच्याइतकं मऊ आमच्या घरात कोणाला जमलं नाही. फक्त एक गोष्ट होती. नैवेद्याचं पान वाढण्याआधी ती एका लहान ताटलीत स्वतःपुरतं अन्न काढून घ्यायची आणि ती ताटली पिठाच्या डब्यावर झाकून ठेवायची. पंगत उठली की मग तेच गार अन्न खायची.

आईला हे दिसलं आणि तिनं त्याचा सरळ अर्थ लावला, सून हावरी आहे. देवाच्या आधी स्वतःचं काढून ठेवते. “माळ्याकडं काही शिकवलंच नाही वाटतं,” असं ती मला ऐकवायची. बायको ऐकून घ्यायची. मीही ऐकून घ्यायचो, कारण मला शांतता हवी होती आणि लेख पुरा करायचा होता. नऊ वर्षं हे चाललं. शेवटी मठातली म्हातारी एकदा सहज बोलून गेली की उपदेशी माणूस दुसऱ्या देवतेला दाखवलेला नैवेद्य तोंडात घालत नाही. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात ती पिठाच्या डब्यावरची ताटली आली. हा नियम मी स्वतः माझ्या लेखात तळटीपेत लिहिला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आईला हे सांगायला हवं होतं, पण मी आज-उद्या करत राहिलो आणि आई गेली. सुनेला हावरी समजूनच गेली. याची मला लाज वाटते, अजून वाटते.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता बायको भावाकडे गेली होती. तिथे तिला ताप भरला. डेंग्यू निघाला. भावानं तिला अमरावतीच्या दवाखान्यात आणलं आणि मी अकोल्याहून मिळेल ती बस धरून पोचलो. प्लेटलेट रोज घसरत होत्या. तीन दिवस तिच्या पोटात अन्न गेलं नाही. जे दिलं ते उलटून पडायचं. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, “सर, काहीही करा, दोन घास जाऊ द्या,” आणि पुढच्या खाटेकडे गेले. त्यांच्याकडे तेवढाच वेळ होता.

मी बाहेर पडलो. चहा प्यायचा म्हणून निघालो होतो, पण पाय देवीच्या देवळाकडे वळले. ज्या माणसानं तीस वर्षं वर्गात नवस-सायासांची टिंगल केली, तो तिथल्या बायकांच्या रांगेत उभा राहिला आणि मनातल्या मनात म्हणाला, हिला उठव, तुला साडीचोळी नेसवतो. आरती नुकतीच झाली होती. पुजाऱ्यानं द्रोणात शिरा दिला. तो मी खाल्ला नाही. दवाखान्यात येऊन स्टीलच्या डब्यात काढला, द्रोण खिडकीबाहेर टाकला आणि बायकोला म्हणालो, “भावाच्या शेजारणीनं पाठवलाय. गरम आहे.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं. पाच चमचे खाल्ले. ते पोटात टिकले. संध्याकाळी थोडी पेज, दुसऱ्या दिवशी खिचडी. आठवड्यानं आम्ही अकोल्याला परतलो. ती रोज नामस्मरण करत होती, परमेश्वरानं वाचवलं म्हणत होती. मी बाजूला बसून पेपर वाचत होतो. जिनं नऊ वर्षं हावरी म्हणवून घेतलं पण तो एक घास चुकूनही खाल्ला नाही, तिला मी फसवून तोच घास भरवला होता. तिचा जीव वाचला असेल, पण तिचा जन्मभराचा नेम मी मोडला होता, तोही तिच्या नकळत. सांगावं तर तिचं मन मोडेल, न सांगावं तर हे माझ्याच पोटात राहील. ते पोटात ठेवून मी वर्षभर जगलो. देवीचा नवसही फेडला नाही. कोणत्या तोंडानं जाणार?

लेख मात्र पुरा झाला. कशामुळे, ठाऊक नाही. बहुधा थकव्यामुळे. खोडायची ताकद संपली होती. या हिवाळ्यात अमरावतीच्या एका कॉलेजात चर्चासत्र होतं, तिथे तो वाचायचा होता. बायको म्हणाली, “मी बी येते.” इतक्या वर्षांत ती माझ्या व्याख्यानाला कधी आली नव्हती.

सभागृहात तीसेक लोक होते. त्यातले निम्मे हजेरीसाठी बसवलेले. बायको शेवटच्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली. मी वाचलं. नॉस्टिकांचे आकाशातले पहारेकरी आणि महानुभावांच्या देवता म्हणजे एकाच तुरुंगाचे दोन दरवान आहेत, असं माझं मुख्य प्रतिपादन. पुढे ते वाक्य आलं की उपदेशी माणूस अन्य देवतेच्या प्रसादाचा कणही स्वीकारत नाही. ते वाचताना मान वर करायची हिंमत झाली नाही. टाळ्या झाल्या, चहा झाला, शाल-श्रीफळ झालं.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा तिला दिली. बडनेरा मागे पडलं. दुपारचं ऊन तिच्या मांडीवरच्या नारळावर पडलं होतं. मला एकदम फार थकल्यासारखं झालं, आणि त्या थकव्यातच बोलून टाकलं. दवाखान्यातला तो शिरा शेजारणीचा नव्हता. देवीचा प्रसाद होता.

“मले मालूम हाये,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“पयल्या चमच्यापासून. दवाखान्यात समदा फिनाईलचा वास. त्यात कापूर लपते का जी?”

“मग खाल्लास का?”

बाहेर तुरीची शेतं जात होती. “तुमचा हात कापून राह्यला होता,” ती म्हणाली. “चमचा माह्या दाताले लागून राह्यला होता. मी नाई म्हनलं असतं तं तुमी तिथंच बसून गेले असते.”

मग तिनं सगळं सांगितलं. दवाखान्यातून आल्यावर ती मठात गेली होती. म्हातारी तपस्विनी आता नव्वदीपुढे गेली आहे, अंथरुणाला खिळली आहे. तिच्यापाशी हिनं दोष सांगितला, पण आपल्या नावानं. ‘माह्या हातून घडलं’ एवढंच म्हणाली. माझं नाव काढलं नाही. प्रायश्चित्त म्हणून वर्षभर संत्री सोडली. संत्र्याच्या मळ्यात वाढलेली बाई. मागच्या बहारात तिच्या भावानं पेटी पाठवली होती तेव्हा ती एका फोडीला शिवली नाही, आणि मी चिडून म्हणालो होतो, “एवढे नखरे कशाला?” तेही मला त्या बसमध्ये आठवलं.

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगतलं असतं तं तुमी लेखात घातलं असतं,” ती म्हणाली, आणि हसली. मला हसू आलं नाही. तिचं खरं होतं.

मूर्तिजापूरला बस थांबली. मी विचारलं, “आता माझं काय? मला काय प्रायश्चित्त?”

“ते तुमचं तुमी पाहा. देवीले काय बोलले होते?”

“साडीचोळी.”

“फेडली?”

मी नकारार्थी मान हलवली. ती खरंच रागावली. दिवसभरात पहिल्यांदा. “बोलले अन् फेडलं नाई? वरून तिथं उभं राहून तिले तुरुंगाचा दरवान म्हनलं? देवता काई चोर नाईत. ज्याचं त्याचं काम असते. मोक्ष तिच्यापाशी नाई, म्हनून मी तिच्या पायी पडत नाई. पन ताप तिनं उतरवला असन तं उतरवला असन. ज्यानं काम केलं त्याचं देनं देऊन टाकावं मानसानं.”

चाळीस वर्षं मी ज्यावर अडलो होतो ते हेच. नॉस्टिकांना हे जग घडवणाऱ्याचा तिटकारा होता. त्यांच्यातले काही तर म्हणायचे की तारणारा मातीवर चालला तरी त्याचं पाऊल उमटत नसे, इतकी त्यांना मातीची किळस. आणि हिचा पंथ? पंथ स्थापणारे स्वामी जिथे बसले, निजले, जेवले, तिथे ओटे बांधून सातशे-आठशे वर्षं लोक त्या दगडांना डोकं टेकवतायत. ते दगड मी पाहिले होते, मोजमापंही घेतली होती. तरीही दोन्ही एकच असं लिहिलं, टाळ्या घेतल्या. हिच्याकडे मात्र तिटकारा नव्हता. न आईबद्दल, न देवीबद्दल, न माझ्याबद्दल. आमच्या घरात आईच्या देवांचा स्वयंपाक तीस वर्षं तिनं कसा केला, ते मला तेव्हा कळलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा अमरावतीला गेलो. साडी तिनंच निवडली. हिरवी, लाल काठाची. मी स्वस्तातली पाहत होतो, तर म्हणाली, “तुमच्या बायकोचा जीव हाये न, चांगली घ्या.” देवळाबाहेर ती माझ्या चपलांपाशी दगडी कट्ट्यावर बसली. मी आत गेलो, ओटी भरली, साडी देवीच्या पायाशी ठेवली. पुजाऱ्यानं द्रोणात शिरा दिला.

तो द्रोण घेऊन मी बाहेर आलो आणि तिच्यापासून चार हात लांब उभा राहिलो. काय करावं सुचेना. ती म्हणाली, “तुमच्या हातचा होता म्हनून मी एकदा खाल्ला. आता तुमी खा.”

मी तिथेच उन्हात उभा राहून तो शिरा खाल्ला. कापराचा वास चांगला दणदणीत होता. कोणालाही आला असता.