माझ्या हजेरीतले चार खोटे दिवस

सोमवार, आठ जुलै. सकाळी अकरा. हजर: डॉक्टर, माझी बायको सुनीता आणि मी.

साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी वीस वर्षं कामगारांची हजेरी ठेवतो, म्हणून डायरीत त्या दिवसाची नोंद अशी झाली. डॉक्टरांनी फायब्रोस्कॅनचा कागद पुढे केला. ही सोनोग्राफीसारखीच, न दुखणारी तपासणी; यकृत किती कडक झालंय ते तिच्यात कळतं. माझं बरंच कडक झालं होतं. डॉक्टर म्हणाले, "सिरोसिस नाही, पण त्याच्या अलीकडचं आहे. दारू बंद केली तर अजून मागे फिरता येईल."

मी विचारलं, किती कमी करू? ते म्हणाले, "मी बंद म्हणालो."

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी एक लक्षात ठेवावं. रोज पिणाऱ्याने स्वतःच्या मनाने एकदम सोडू नये. हात थरथरतात, भास होतात, फिट येऊ शकते. मला त्यासाठी आठवडाभराची औषधं दिली आणि चिठ्ठीमागे एक फोन नंबर. दारू सोडलेल्या लोकांची मीटिंग, शहरात मस्तगडला एका शाळेच्या खोलीत, दर गुरुवारी संध्याकाळी. फी नाही, पूर्ण नाव सांगायचं नाही.

मी यादी केली. आमच्या अंकुशनगरहून निघायची वेळ, अंबडला बस बदलायची, परतीची बस, ओळखीचं कोणी भेटलं तर काय सांगायचं. पहिल्या गुरुवारी वेळेआधी पोचलो, कोपऱ्यात बसलो आणि सवयीने आलेल्यांची नावं लिहायला लागलो. पाच नावं झाल्यावर शेजारचे म्हातारे रशीदचाचा वाकून म्हणाले, "भैय्या, इथं मस्टर नसतं. पान फाडा." सगळे हसले. मीही हसलो, बऱ्याच दिवसांनी.

तिसऱ्या आठवड्यात नामाला घेऊन गेलो. नामा कारखान्यात फिटर, माझा पिण्यातला जोडीदार. खरं सांगायचं तर मला बसमध्ये सोबत हवी होती. तो टिकेल असं वाटलं नव्हतं.

तो टिकला. स्वतःचे दिवसही मोजायचा नाही, मला विचारायचा, "दत्ताभाऊ, माझे किती झाले?" मीटिंगमध्ये उभा राहून म्हणायचा, "काल लई प्यावं वाटू राह्यलं. दुकानापर्यंत गेल्तो. मंग तिथंच रडलो आन् वापस आलो." लोक त्याला मिठी मारायचे. मी सांगायचो, इतके दिवस झाले, रोज चार किलोमीटर चालतो, वजन इतकं. मलाही टाळ्या मिळायच्या, पण मिठी कोणी मारली नाही.

खुर्च्या मी लावायचो, खोलीची किल्ली मी आणायचो, चहा मी सांगायचो. ऑगस्टच्या शेवटी चाचा म्हणाले, "पुढची मीटिंग नामदेव चालवेल."

"मला काय येतंय? दत्ताभाऊ लिहून देतील, मी वाचीन," नामा म्हणाला. सगळे कौतुकाने हसले. ज्याला मी आणलं, त्याच्या हाताखाली आता मी कारकून होणार होतो.

परतताना नामाला सांगितलं, अंबडला काम आहे, तू हो पुढे. स्टँडजवळ एक क्वार्टर घेतली. माझा बावन्नावा दिवस होता.

दुसऱ्या दिवशी डायरीत बावन्नच्या चौकोनात मी 'ह' लिहिला, म्हणजे हजर, न पिता काढलेला दिवस. वीस वर्षांत कोणाची खोटी हजेरी लावली नव्हती, भावकीतला माणूस हात जोडून आला तरी नाही. पहिली लावली ती स्वतःची. पुढे अजून दोन. प्रत्येक वेळी गुरुवार होता.

नव्वद दिवसांना बिल्ला मिळतो. माझा नामाने दिला. "ह्यांनी आणलं नसतं तर मी मेलो असतो," म्हणत गळ्यात पडून रडला. माझ्या मनात आलं, माझ्या बिल्ल्याच्या टाळ्यासुद्धा ह्यालाच. त्या संध्याकाळी परत अंबडला थांबलो. ती चौथी वेळ.

पुढच्या सोमवारी रक्ताचा रिपोर्ट आला. जीजीटी नावाचं एक एन्झाइम असतं, पिणाऱ्याच्या रक्तात ते वाढतं. डॉक्टर म्हणाले, "ऑगस्टमध्ये उतरलं होतं. परत चढलंय. ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

सुनीता हलली नाही. "मी कशाला बाहेर बसू? ह्यांच्या गुरुवारचा वास मला रिपोर्टच्या आधीपासून माहीत आहे."

डॉक्टर रागावले नाहीत. "घसरणं ह्या आजारात होतं. पण लपवलंत तर मी उपचार कशावर करू? असंच चाललं तर मागे फिरायची वाट राहणार नाही."

त्याला चोवीस दिवस झाले. हे चोवीस खरे आहेत. गुरुवारी अंबडला दुसरी बस मिळेपर्यंत सुनीताशी फोनवर बोलत राहतो. ज्याला जमेल त्याने असं एक माणूस धरून ठेवावं.

नामाचा हेवा गेलेला नाही. मागच्या गुरुवारीही त्याने खोली हसवली आणि मी खुर्च्या मोजत बसलो. पण एक कळलं. त्याला प्यावं वाटतं ते तो पिण्याआधी सांगतो. मी फक्त झालेलं वाचून दाखवत होतो. हे मी त्याच्याकडूनच शिकलो, त्याचे उपकार आहेत.

माझी पाळी आली तेव्हा मात्र म्हणालो, "आज फक्त ऐकतो." बाहेर नामाने विचारलं, "भाऊ, तुमी लई गप झालात. माझं काही चुकलं का?" "न्हाई," मी म्हणालो.

मीटिंगमध्ये बोलायचं म्हणून एक वाक्य लिहून ठेवलं होतं. त्यात नामाचं नाव होतं, ते खोडलं. चाचांचं होतं, तेही खोडलं. खोडून खोडून दोन शब्द उरले: मी प्यायलो. ते अजून बोललेलो नाही.