किती थांबायचं, हे आधी ठरवणाऱ्या कल्पनाताई

बातमी मला कुणी दिली नाही. ती मीच सगळ्यांना दिली. भिवंडीतल्या एका हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर उभा राहून, दुपारी दीडच्या सुमारास, पहिला फोन आमच्या गोदामाच्या मॅनेजरना केला. दुसरा कल्पनाताईंच्या आईला करायचा होता, तो माझ्याने झाला नाही… त्यांच्या शेजारच्या बाईंना केला. त्याला आता सहा आठवडे झाले. ऑफिसात शोकसभा झाली, फोटोला हार घातला, मीही चार शब्द बोललो. ताई किती हुशार होत्या, किती प्रेमळ होत्या. त्यात खोटं काही नव्हतं, पण जे सांगायला हवं होतं तेही नव्हतं.

वडप्याला हायवेलगत औषधांचं मोठं गोदाम आहे. तिथल्या कॉम्प्युटर विभागात आम्ही दोघंच. कल्पना भोईर पडघ्याच्या आतल्या एका गावच्या, घरी भाताची थोडी शेती. बारावीनंतर त्या डेटा एंट्रीला लागल्या आणि बाकी सगळं स्वतःचं स्वतः शिकल्या. मी भिवंडीतल्या शिक्षकाचा मुलगा, डिग्री घेऊन आलेला. त्यांच्याकडे डिग्री नाही हे पहिले सहा महिने मी स्वतःला विसरू दिलं नाही. गोदामात लेबलं छापणं, गाड्यांच्या याद्या करणं, थंड खोल्यांचं तापमान वाचणं अशी कितीतरी कामं कॉम्प्युटर आपोआप करत असतो. कोणतं काम कधी सुरू करायचं, ते अडकलं तर काय करायचं, हे साध्या मजकुराच्या फाइलींत लिहून ठेवावं लागतं. त्यांना शेल स्क्रिप्ट म्हणतात. आमच्याकडच्या जवळजवळ सगळ्या स्क्रिप्ट ताईंनी लिहिलेल्या. एखादा प्रोग्राम अडकून गप्प बसला की त्या स्क्रीनकडे बघून म्हणायच्या, “झोपला बघ हा.” आणि डब्यातली भाकरी मोडत शांतपणे त्याच्या मागे लागायच्या.

एकदा असाच एक प्रोग्राम झोपला आणि मी मिजाशीत त्याला एका फटक्यात मारला. म्हणजे त्याला काहीही न विचारता जागच्या जागी बंद करणारी जी आज्ञा असते, ती दिली. तो नेमका गाड्यांची यादी लिहीत होता. यादी अर्धवट तुटली आणि सकाळच्या सगळ्या गाड्या दोन तास माल चढवायच्या डॉकवर खोळंबल्या. ताई कधी रागावायच्या नाहीत, पण रागावल्या की गावची बोली बाहेर यायची. “आरं, त्याला आवराया तरी द्यायचं व्हतंस!” मग शेजारी बसवून त्यांनी मला दाखवलं. आधी बंद हो म्हणून सांगायचं. हातातलं काम ठेवायला दहा सेकंद द्यायची. तरीही ऐकलं नाही, तरच जबरदस्ती. “आणि ही दहा सेकंदं मोजायला आपण बसायचं नाही, कॉम्प्युटरला सांगायचं. आपण बसलो की आपल्याला दया येते.” त्या दिवसापासून मी त्यांना मॅडम म्हणायचं सोडून ताई म्हणायला लागलो.

पण त्यांची स्वतःची सगळ्यात मोठी चूक याच वेळेच्या हिशेबातली होती. थंड खोल्यांचं तापमान वाचणारी स्क्रिप्ट एकेका सेन्सरला विचारत पुढे जायची. एका शनिवारी तीन नंबरच्या खोलीतला सेन्सर बिघडला आणि उत्तरच देईना. स्क्रिप्ट त्याच्या उत्तराची वाट बघत उभी राहिली. किती वेळ वाट बघायची हे ताईंनी तिला सांगितलेलंच नव्हतं, म्हणून ती बघतच राहिली. पुढच्या चार आणि पाच नंबरच्या खोल्यांना कुणी विचारलंच नाही. पाच नंबरचं कूलिंग बंद पडलं होतं. अलार्म वाजला नाही. सोमवारी दार उघडलं तेव्हा आतलं सगळं इन्सुलिन फेकून द्यायच्या लायकीचं झालं होतं. मॅनेजर सेन्सरवाल्यावर ओरडत होते. ताई मध्येच उठून उभ्या राहिल्या. “सेन्सर बिघडणारच, सर. चूक माझी आहे. मी थांबायला सांगितलं, कुठवर ते सांगितलं नाही.” नंतर त्या तीन दिवस एकेक फाइल उघडून प्रत्येक ठिकाणी वेळेची मर्यादा घालत होत्या. मी म्हटलं, इतकं काय मनाला लावून घेता? त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं. “थांबायला लागायच्या आधी ठरवायचं, सुहास. एकदा थांबायला लागलं की ठरवता येत नाही. मग माणूस आणखी थोडं, आणखी थोडं करत बसतो.”

मी हे ऐकलं होतं. मला हे पाठ होतं.

त्या दिवशी सकाळी अकराला ताई खुर्चीत मागे रेलल्या आणि म्हणाल्या, जबडा दुखतोय. कपाळावर घाम होता. “ॲसिडिटी असेल,” त्याच म्हणाल्या. मला ते पटलं नाही. मी अॅम्ब्युलन्सला फोन केला, त्यांना खाली डॉकजवळच्या बाकावर आणून बसवलं. इथवर मी बरोबर होतो. ड्रायव्हर म्हणाला, “नाके पे हूँ, पाँच मिनट.” हायवे तुंबला होता. दहा मिनिटांनी पुन्हा फोन केला. “बस, पाँच मिनट.” सहा नंबरच्या डॉकला सलीमभाईंचा टेम्पो रिकामा उभा होता. ते जवळ आले. “साहब, गाड़ी में डालो मॅडम को. पीछे गाँव के रास्ते से निकालता हूँ, बीस मिनट में हॉस्पिटल.” मी म्हटलं, नको, अॅम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन असतो, ती आलीच. वीस मिनिटांनी सलीमभाई पुन्हा आले. मी पुन्हा तेच म्हटलं. आता एवढं थांबलोय तर… हे शब्द माझ्या तोंडून निघाले. ताईंनी डोळे उघडले आणि मला विचारलं, “किती वेळ झाला?”

घड्याळ समोर भिंतीवर होतं, त्यांच्या पाठीमागे. पस्तीस मिनिटं झाली होती. त्या घाबरतील म्हणून मी म्हटलं, “दहा मिनिटं, ताई.” त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. खरं सांगितलं असतं तर त्या तिथल्या तिथे उठल्या असत्या, चल म्हणाल्या असत्या, हे मला आज जितकं नक्की माहीत आहे तितकं दुसरं काहीच नाही. अॅम्ब्युलन्स पन्नासाव्या मिनिटाला आली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक होता, अर्धा तास आधी आणायला हवं होतं… ते कुणाला उद्देशून म्हणाले नाहीत. मी एकटाच तिथे होतो.

मागच्या रविवारी मी ताईंच्या गावी गेलो. आई ओट्यावर बसून पावटा सोलत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, टेम्पो, सलीमभाई, घड्याळ. त्यांचे हात थांबले नाहीत. त्यांनी विचारलं, “तिनं इचारलं व्हतं तुला? किती येल झाला म्हून?”

“हो, आई.”

“आन तू खोटं सांगितलंस.”

“हो.”

“आता मला खरं सांगून काय करू मी? तवा तिला सांगायचं व्हतंस.” मग त्यांनी सोललेल्या दाण्यांची परात आत नेली आणि दार लोटून घेतलं. मी ओट्यावर बसून राहिलो. त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

ताईंना एक सवय होती. प्रत्येक स्क्रिप्टमध्ये त्या जागोजागी मराठीत टीप लिहून ठेवायच्या, पुढे वाचणाऱ्यासाठी. कॉम्प्युटर त्या ओळी वाचत नाही, माणसंच वाचतात. ‘हा प्रिंटर सोमवारी रुसतो.’ ‘इथे घाई करू नका.’ सध्या मी दिवसभर त्याच वाचतो. नवीन सात नंबरची थंड खोली येत्या आठवड्यात सुरू होतेय आणि तिची स्क्रिप्ट ताईंनी शेवटच्या दिवशी सकाळी अर्धी लिहून ठेवली आहे. सेन्सरची किती वेळ वाट बघायची, तो आकडा तिथे नाही. त्या जागेवर टीप आहे: ‘हा सेन्सर उशिरा बोलतो. किती सेकंदं द्यायची ते सुहासला विचारून.’

रोज सकाळी मी ती फाइल उघडतो. वीस लिहितो, खोडतो. तीस लिहितो, खोडतो… मॅनेजर दोनदा विचारून गेले. मी त्यांना म्हटलं, करतो, पाच मिनिटांत.