नडगीवरची खपली

ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेली नाही. विषय त्या वळणावर आला की पाणी प्यायच्या निमित्तानं उठायचो. आता लिहितोय, तेही धाकट्या बहिणीला वाचता येत नाही हे ठाऊक असल्यामुळे.

आमची विंझरला भाताची खाचरं. लावणी इर्जिकीवर चालायची. आज सगळ्यांनी एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. चिखलणी पुरुषांची, रोपं लावायला घरटी एक बाई द्यायची. नाही दिली तर आपल्या लावणीला कुणी येत नाही. त्या वर्षी बायको तापानं पडली, म्हणून बहिणीला भोंगवलीहून बोलावून घेतलं. तिच्या नडगीला विळा लागलेला होता, वर काळसर खपली. खपली धरली म्हणजे जखम भरली, अशी माझी समजूत.

"दादा, आतनं ठणकतंय," ती म्हणाली. पायाला दुधाची पिशवी गुंडाळून तिनं वर सुतळी बांधली. बांधावरच्या बाया हसल्या. "माहेरवाशीण पाय पॅक करून आली गं!"

मला चारचौघांत लाज वाटली. "सोड ती पिशवी! शेतकऱ्याचीच लेक हायेस ना?"

तिनं गाठ सोडली.

दिवसभर पाण्यात खपली भिजली, फुगली आणि चिखलातच कुठंतरी गेली. तरी दुसऱ्या दिवशी मी तिला पाठवलंच. मग पाय सुजला. नसरापूरच्या दवाखान्यात तिची सासूही आली होती. ड्रेसिंग करणारी नर्स चिडली, "खपली का काढलीत? रक्त गोठून झालेलं झाकण असतं ते. त्याच्याखाली कडेकडेनं नवी कातडी धरते. काम झालं की आपोआप पडतं. कशाला खाजवलंत, बाई?"

बहिणीनं माझ्याकडं पाहिलं. सासू ऐकत होती.

"लहानपणापास्नं खोडच हाय तिला," मी म्हणालो.

तिनं पाय नर्सपुढं सरकवला. पाय भरायला दिवाळी आली, वण कायमचा राहिला. आणि सासरी तिचं नाव पडलं, खपलीकाढी.

गेल्या भाऊबीजेला तिच्या नातीचा गुडघा फुटलेला होता. बहीण तिला दटावत होती, "हात लावू नगंस. पडंल आपली आपण."

"तूच सांगतीस व्हय, खपलीकाढे?" नात म्हणाली. घर हसलं. तीही हसली, आणि तबक घेऊन माझ्यासमोर बसली. पाटावर बसल्यावर मी ठरवलं, आता सगळ्यांदेखत बोलायचं.

"आ कर, दादा."

मी तोंड उघडलं. तिनं करंजीचा तुकडा भरवला आणि मी तो खाली मान घालून चावत राहिलो.

म्हणायचं एवढंच होतं: बाय, ती खपली तू न्हाई काढलीस. म्या घालवली. पिशवी म्या सोडायला लावली, आणि खोटंबी म्याच बोललो. मला माफ कर.