मेक्सिकोचा सीझन संपेपर्यंत

फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. तरी त्या हिवाळ्यात मी एका मेक्सिकन संघासाठी देव पाण्यात ठेवून बसले होते, तेही रियाधमध्ये, अल मलाझ भागातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. कारण बाबांनी आल्यावर थोड्याच दिवसांत जाहीर करून टाकलं होतं, "ह्या संघाचा सीझन संपला की मी कोल्हापूरला जाणार. व्हिसा वाढवायच्या भानगडीत पडू नकोस."

आई गेल्यावर मी त्यांना हट्टानं इकडे आणलं होतं. आणायच्या आधी, तिकडे एकटे असताना एकदा ते चक्कर येऊन न्हाणीघरात पडले आणि दुपारी कामवाली येईपर्यंत कुणाला पत्ताच नव्हता. ते ऐकल्यापासून त्यांनी फोन लगेच उचलला नाही की मी पुन्हापुन्हा लावत राहायची. इथे निदान शेजारच्या खोलीतला त्यांचा खोकला ऐकू येत होता.

बाबा पहाटे उठून टीव्हीसमोर बसायचे. तेव्हा मेक्सिकोत संध्याकाळ असते आणि मॅच चालू असतात. त्यातल्या एका संघाच्या जर्सीचे रंग कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघासारखे निघाले. झालं! तेवढ्यावर बाबा त्यांचे. स्पॅनिश कॉमेंट्री आणि बाबांच्या कोल्हापुरी शिव्या एकदम चालायच्या. "बाबांनी मेक्सिकोत पेठ वसवली," असं नवरा म्हणायचा. मला हसू यायचं नाही. ऑफिसात बसून मी चोरून मेक्सिकोचं पॉइंट्स टेबल बघायची. संघ हरला की त्या रात्री मला जेवण जायचं नाही.

साखळी सामने संपले तेव्हा आपला संघ कसाबसा सातवा आला आणि बाद फेरीत शिरला. उपउपांत्य फेरी जिंकल्यावर मी शिरा केला. बाबांना वाटलं, पोरीला खेळाची गोडी लागली.

उपांत्य फेरीत दोन मॅच आणि दोन्हींतले गोल मिळून निकाल. पहिली एक-एक अशी सुटली. दुसरी रविवारी सकाळी होती. इकडे रविवार कामाचा. नवरा आणि मुलगी बाहेर पडले, मी ऑफिसला उशीर होईल असं कळवलं आणि बाबांशेजारी बसले. आपला संघ एका गोलनं मागे पडला. बाबा लुंगीचं टोक पिळत होते. त्यांचं बीपी, त्यांचं तिकीट, ते न्हाणीघर, सगळं एकदम डोक्यात फिरायला लागलं. अगदी शेवटी आपला गोल झाला आणि मी ओरडले, "बाबा, बरोबरी! आता टायब्रेकर!" आमच्याकडे कोल्हापुरात मैदानावर बरोबरी झाली की टायब्रेकर, म्हणजे पेनल्टी किकवर निकाल, ठरलेलाच. मला तेवढंच ठाऊक.

शिट्टी वाजली. समोरचेच खेळाडू नाचायला लागले. आपले मात्र गवतावर बसले.

"इथं टायब्रेकर नसतोय गं," बाबा म्हणाले. "बरोबरी झाली की टेबलात जो वर, तो पुढं. ते पहिले होते, आपण सातवे." त्यांनी टीव्ही बंद केला. "तिकीट बघ."

माझं डोकंच फिरलं. "वर्षात दोन सीझन असतात त्यांचे! तुम्हीच सांगितलंत. जानेवारीत पुढचा सुरू होतोय, तोही इथेच बघा." आवाज चढला होता, मला तो खाली आणता येईना. "आणि तिथे परत पडलात तर? मला कोण सांगणार? मला भीती वाटते, बाबा. जाऊ नका."

इतक्या महिन्यांत हे मी तोंडानं एकदाही म्हटलं नव्हतं.

त्यांनी पिळलेलं लुंगीचं टोक सोडलं. मग म्हणाले, "मलाबी वाटतीया. पण तुझ्या आईचं कपाट मी अजून उघडलेलं नाही. तसंच टाकून आलोय. किती दिवस मॅचा बघत बसू?"

"मग मी येते बरोबर. आपण दोघं मिळून उघडू."

"नको," बाबा म्हणाले. "तू आलीस की तूच उघडशील, आणि मी बाहेरच्या खोलीत बसून राहीन."