बस म्हणजे बस

पंधरा ऑगस्ट, सकाळचे आठ. ठिकाण: उज्जैनमधल्या आमच्या कॉलनीचा बगीचा. उपस्थित: ध्वजवंदन आटोपून थांबलेली चाळीसेक माणसं, त्यांत माझी बायको, माझी मुलगी, माझी मोठी बहीण आणि मी. खर्च: रुपये तीनशे, स्पीकरचं भाडं. एवढ्या कमी खर्चात एवढी माणसं एकाच वेळी जमिनीवर आणल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

सायली, म्हणजे माझी मुलगी, व्यायाम शिकवायचा रीतसर कोर्स करून घरी आली होती. जिममधली नोकरी तिला नको होती. स्वतःचा वर्ग काढायचा होता, रोज सकाळी, मोकळ्या हवेत, बगीच्यात. बगीचा कॉलनीच्या समितीचा आणि समिती म्हणजे दुबेजी. (बाकीचे सदस्य आहेत, पण ते दुबेजींकडे पाहून मान हलवतात.) पोरगी तीन महिने त्यांच्या दाराशी चकरा मारत होती. शेवटी एकदाचे ते विरघळले.

"बेटा, पंद्रह अगस्त को करके दिखाओ. देशभक्ति भी हो जाएगी, कसरत भी. मगर एक शर्त है. पिछली बार योग वाले आए थे, दो लोग चक्कर खाके बैठ गए. महीना भर घर-घर की बातें मैंने सुनीं. इस बार एक भी आदमी बैठा, तो क्लास भूल जाना."

"एक भी नहीं बैठेगा, अंकल," सायली म्हणाली.

घरी येऊन ती आनंदानं रडली. मी तिला म्हटलं, "तू फक्त व्यायाम बघ. बाकीची व्यवस्था माझ्यावर सोड." बायको म्हणाली, "अहो, त्यापेक्षा पोहे माझ्यावर सोडा आणि व्यवस्था कुणाहीवर सोडा." पण मी बँकेत आहे. व्यवस्था माझ्या रक्तात आहे.

साउंडवाल्याकडे दोन स्पीकर होते, एक पाचशेचा, एक तीनशेचा. फरक काय म्हणून विचारलं.

"तीन सौ वाला बीच-बीच में शब्द खा जाता है, साब."

"बीच के ही खाता है ना? आगे-पीछे के?"

"आगे-पीछे के एकदम चकाचक."

मी विचार केला, कसरतीत मधल्या शब्दांचं काय काम? तीनशेवाला ठरवला. स्टेजचे तो बाराशे म्हणाला, तेव्हा मी फक्त हसलो. सायलीला पाय आहेत, ती गवतावर उभी राहील. रांगाही मीच आखल्या. केशरी कपड्यांची रांग पुढे, पांढऱ्यांची मध्ये, हिरव्यांची मागे. शिवाय एक बारीक सूचना केली, जिचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. सायली लोकांकडे तोंड करून उभी राहिली तर लोकांचं डावं-उजवं उलटं होणार. म्हणून तिनं लोकांकडे पाठ करून शिकवावं. म्हणजे घोटाळ्याला जागाच नाही.

आता आक्का. आक्का माझी मोठी बहीण. वय सत्तरीच्या पुढे, उंची माझ्यापेक्षा जास्त, मुक्काम कराड. उभा जन्म शाळेत कवायत शिकवण्यात गेला. त्या आठवड्यात ती आमच्याकडे आली होती आणि उतरल्यापासून आमची मराठी दुरुस्त करत होती.

"सब्जी काय रे? भाजी म्हण."

"हो, आक्का."

"आणि 'मी फोन लावतो' काय? झाड लावतोयस का? 'करतो' म्हण."

चाळीस वर्षं उज्जैनमध्ये काढल्यावर माणसाची मराठी आतून कधी बदलते ते त्याला कळत नाही. पण बदल आक्काच्या बाजूनंही व्हायला हवा होता, हे देवास गेटच्या बाजारात कळलं. तिथं केळी घेत होतो. केळीवाल्यानं डझनभर केळी पिशवीत टाकली आणि आदबीनं विचारलं, "बस, माताजी?"

"बसते की," म्हणून आक्का त्याच्या रिकाम्या पेटीवर बसली.

मी तिथं पोट धरून हसलो. हसण्याऐवजी विचार करायला हवा होता. आक्काला हिंदी कळत नाही असं मुळीच नाही; सोफ्यावर बसून हिंदी बातम्या ऐकते आणि निवेदकाचे उच्चारसुद्धा सुधारते. पण आयुष्यभर पोरांना 'ऊठ' आणि 'बस' करायला लावलेलं ते शरीर. शब्द डोक्यापर्यंत जाण्याआधीच गुडघ्यांना पोचतो.

अशा बहिणीला मी केशरी रांगेच्या मधोमध उभं केलं. उंच, ताठ, सगळ्यांना दिसणारी. सायली गवतावर उभी असल्यामुळे मागच्यांना ती दिसेना. (बाराशे वाचले होते.) तेव्हा मी हात वर करून घोषणा केली, "जिनको सायली नहीं दिख रही, वो मेरी दीदी को देखें. जो वो करें, वही करना है."

दुबेजी आक्काच्या शेजारीच उभे राहिले. केशरी कुर्ता, छातीला बिल्ला. आक्कानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "पोट आत."

"जी?"

"पोट. आत."

दुबेजींनी पोट आत घेतलं. त्यांना पोट आत घ्यायला सांगणारं कॉलनीत आजवर कुणी निघालं नव्हतं.

गाणी सुरू झाली. सायली पाठ करून उभी. दोन्ही हात वर, कमरेतून डावीकडे, कमरेतून उजवीकडे. पहिली पाच मिनिटं अशी देखणी गेली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीन रंगांच्या तीन रांगा एकदम डुलत होत्या. मग लोक थोडे दमले, तसा सायलीनं हुरूप द्यायला आवाज चढवला, "शाबाश! बस, चार और!"

स्पीकरनं ठरल्याप्रमाणे मधला शब्द खाल्ला.

"बस… और!"

आक्कानं ऐकलं, 'बस… वर!' ती खाड्‌कन उकिडवी बसली आणि ताड्‌कन वर आली. पाठीचा कणा सरळ, हात पुढे. इतकी सुरेख बैठक त्या बगीच्यानं पाहिली नसेल.

दुबेजींनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. सत्तरीच्या बाईपुढे माघार कशी घ्यायची? ते बसले. दुबेजी बसले म्हटल्यावर समिती बसली. केशरी रांग बसलेली पाहून पांढरी बसली, पांढरी पाहून हिरवी.

आता तुम्ही विचाराल, की मला दोन्ही भाषा येतात, मी का बसलो? त्याचं उत्तर असं, की जी सूचना मी स्वतः दिली, ती मी स्वतःच मोडायची? मीही बसलो. रात्रीच्या पावसानं गवत ओलं होतं आणि माझा पायजमा पांढरा, कडक इस्त्रीचा होता, एवढीच नोंद करतो.

"बस… और!" सायलीच्या लेखी तीन उरले होते.

चाळीस माणसं खाली, चाळीस माणसं वर. यावेळी वर येताना सगळ्यांच्या तोंडून "आई गं", "हे भगवान" आणि "मर गया रे" असा संमिश्र आवाज निघाला. सायलीला पाठीमागून तो उत्साह वाटला.

"वा! ऐसी ही आवाज़ आने दो! बस… और!"

आला. असा आवाज आला की गच्चीवरची कबुतरं उडाली.

शेजारून बायको कुजबुजली, "अहो, काहीतरी चुकतंय. ती 'बस' म्हणत नाहीये, 'बस' म्हणतेय!"

"तेच तर करतोय."

"तसं नाही हो! ती हिंदीत म्हणतेय!"

तेव्हा माझ्या डोक्यात देवास गेटचा दिवा लागला. पण तोवर चौथी बैठक झाली होती आणि मी खाली होतो. वर येण्याचा प्रस्ताव गुडघ्यांनी फेटाळला होता. मी तिथूनच ओरडलो, "आक्का, बस! बस!"

आक्का दोनदा बसली.

दुबेजी लालबुंद होऊन ओरडले, "अरे, कोई बोलो इनको, बस करें!" आक्का बसली. आक्का बसली म्हणून, आपणच काय बोललो ते विसरून, दुबेजीही बसले. एव्हाना गोंधळ सायलीच्या कानांवर गेला होता. ती वळली. समोर बसलेली, लवलेली, कलंडलेली कॉलनी. ज्याच्यावर तिचा वर्ग अवलंबून होता तो माणूस एक हात गवतावर टेकून, दुसऱ्यानं माझ्या बहिणीचा पदर धरून बसलेला. एक भी आदमी बैठा तो… पोरीचा चेहरा पांढरा पडला. आणि हादरलेला माणूस उज्जैनमध्ये जे म्हणेल तेच ती म्हणाली.

"बस! बस! बस! बस!"

आपलं माणूस अडचणीत असताना मदतीला नेमका एक शब्द हवा होता. आक्काला थांबवणारा मराठी शब्द. तो मला आठवेना. आई-बापांनी शिकवलेला, लहानपणी शंभरदा ऐकलेला साधा शब्द, आणि डोक्यात नुसतं 'रुको, ठहरो, बस.' "आक्का, रुक!" मी म्हणालो. आक्कानं खाली-वर होता होता माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "'थांब' म्हण."

"हां, तेच! थांब!"

आक्का थांबली. तिच्यासह कॉलनी थांबली, म्हणजे जिथं होती तिथंच राहिली. कुणाला वर येता येईना. गाणी संपली होती. दुबेजींनी श्वास घेऊन तोंड उघडलं. काय बोलणार ते मला, सायलीला, सगळ्यांना माहीत होतं.

आणि स्पीकरवर पुढचं लागलं: राष्ट्रगीत.

मी देवाधर्माचं फार करत नाही, पण त्या सकाळी मी जे पाहिलं ते पाहिलं. चाळीसच्या चाळीस माणसं उठली. 'मर गया' म्हणणारे उठले. दुबेजी कुणाचाही हात न धरता उठले आणि सावधान उभे राहिले. माझे गुडघेही वाद न घालता सरळ झाले. बावन्न सेकंद कुणी हललं नाही. आणि स्पीकरनं एकही शब्द खाल्ला नाही.

राष्ट्रगीत संपलं. दुबेजींनी घसा खाकरला. आधी इकडे पाहिलं, मग तिकडे. सगळे उभे. त्यांनी स्वतःचा उजवा गुडघा चाचपला, एकदा वाकवला, पुन्हा वाकवला.

"अरे," ते हळूच म्हणाले, "ये तो मुड़ रहा है."

"रोज बैठका मारल्या तर दोन्ही मुडतील," आक्का म्हणाली. (मराठीत 'मुडतील'! पण तिची मराठी दुरुस्त करण्याची ती वेळ नव्हती.)

"अभी कोई बैठा है क्या?" दुबेजींनी विचारलं.

"कोई नहीं, अंकल," सायली घाईनं म्हणाली.

आणि त्याच क्षणी माझ्या गुडघ्यांना कळलं, की राष्ट्रगीत संपलं आहे. मी सावकाश, आवाज न करता, पांढऱ्या रांगेच्या मधोमध बसलो.

सगळी कॉलनी माझ्याकडे पाहू लागली. शर्त अशी होती, की एक भी आदमी. आणि तो एक आदमी मी, मुलीचा बाप, व्यवस्थापक.

"उठा हो!" बायको दात आवळून म्हणाली.

"प्रयत्न चालू आहे."

दुबेजी माझ्यापाशी आले. वाकून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. (वाकता येतंय याचा आनंद होता त्यात, असं मला नंतर वाटलं.)

"मुळे साब, बैठ गए?"

"जी."

"बेटी," ते सायलीकडे वळून म्हणाले, "बगीचा तेरा. कल से रोज. मगर जिस आदमी ने शर्त तोड़ी है, उसका नाम सबसे पहले लिख. और जब तक ये अपने आप उठना नहीं सीख जाए, छुट्टी नहीं."

टाळ्या पडल्या. आक्कानं मुक्काम महिनाभर वाढवला. सायलीचा वर्ग आता जोरात चालतो. बैठकांच्या वेळी हुकूम मराठीत सुटतात आणि दुबेजी सगळ्यांत आधी 'वर' येतात. बगीच्याचं भाडं समितीनं घेतलं नाही. शेवटी पैसे मोजले ते एकाच माणसानं. तीन महिन्यांची आगाऊ फी, रुपये अठराशे, मी, माझ्या मुलीला.

देताना मी तिला सांगितलं, की स्पीकरचे दोनशे आणि स्टेजचे बाराशे मी वाचवले होते, ते यातून वजा व्हायला हवेत. शिवाय घरच्या माणसाला काही सूट…

"बाबा," ती म्हणाली, "बस!"

मी बसलो.